फाटके पाकीट आणि फौजीची अब्रू



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहारातून घरी आलो, तर ओट्यावर एक वयस्क गृहस्थ बसलेले. पायात कॅनव्हासचे बूट, पाठ ताठ, मिशा पांढऱ्या पण कातरलेल्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत भिजून फुगलेल्या कागदांचा गठ्ठा. माणूस फौजेतला आहे हे सांगायची गरजच नव्हती. सौभाग्यवतीने दोनदा चहा विचारला, दोनदा नको म्हणाले. आम्ही आल्यावरच घेतला.

हे बाबा नाईक या हुद्यावरून निवृत्त झालेले. सतरा वर्षे नोकरी, त्यातली बरीचशी थंडीच्या, बर्फाच्या मुलखात. त्यांच्या गावाचे नाव आम्ही येथे देत नाही, पलटणीचे देत नाही, आणि ज्या कार्यालयातून हे टपाल निघाले व ज्या कार्यालयातून वाटले गेले त्यांचीही देत नाही. दिली तर जे झाकायचे म्हणून हे लिहायला बसलो तेच उघडे पडेल.

बाबांनी विकलांगता पेन्शनसाठी पुन्हा अर्ज करायचा ठरवले होते. त्यासाठी फौज सोडताना झालेल्या मेडिकल बोर्डाचे कागद लागतात. माहिती अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून त्यांनी ते मागवले. पानामागे दोन रुपयांप्रमाणे पैसे भरले. उत्तर आले की ४६ पाने पाठवीत आहोत. म्हणजे सरकारी बाजूने सगळे कायदेशीर, सगळे वेळेवर. आमच्यासारख्या कारकुनाला यात बोट ठेवायला जागा नाही.

पण ४६ पाने घातली होती साध्या खाकी कागदी पाकिटात. पाकीट दोन बाजूंनी फाटलेले, पाऊस खाल्लेले, सुतळीने आवळलेले. त्यावर लाल शाईत शेरा, की फाटलेल्या स्थितीत प्राप्त. वाटणारा पोस्टमन बाबांच्या घरी गेला तेव्हा बाबा शेतात, सोयाबीनच्या डवरणीवर. मग त्याने खेड्यात सर्रास करतात तेच केले, पाकीट चौकातल्या किराणा दुकानात ठेवले. दुकानदार भला माणूस. म्हातारबाबाचे कागद कुजून जातील म्हणून त्याने सुतळी सोडली आणि एकेक पान दुकानापुढे गोणपाटावर पसरून, वर खडे ठेवून वाळत घातले.

विचार करा. ज्याने दया दाखवली त्याच्याच हातून हे झाले. दुपारभर ती पाने चौकात वाळत होती. शाळा सुटली, पोरे आली. आता आपली पोरे इंग्रजी शिकली आहेत, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. त्यांतल्या एकाने एका पानावरचा शब्द मोठ्याने वाचला, न्युरोसिस. दुसऱ्याने मोबाईलवर अर्थ काढला. बाबा शेतातून गावात येईपर्यंत चावडीवर ठरूनही गेले होते, की नाईकबाबा फौजेतून पेन्शन घेऊन नाही, डोके फिरले म्हणून आले.

"तीस वर्सं झाले भाऊ," बाबा आम्हाला म्हणाले, "बायकोले नाई सांगतलं. रातच्याले झोप येत नव्हती, दचकून उठो. डॉक्टरनं लेयलं, मी सही केली. थे तिथंच ठेवून आलो म्हटलं. अन् आता दुकानापुढं वाळू घातलं त्याईनं."

त्याच महिन्यात नातीचे बोलणे चालू होते. पाहुणे पसंती देऊन गेले होते. त्यांचा निरोप आला, विचार करून कळवतो.

आम्ही आमच्या सवयीने कागद-पेन घेतले. तक्रार कोणाकडे, भरपाई किती, कलम कोणते, सांगायला लागलो. बाबांनी हात वर करून आम्हाला थांबवले. म्हणाले, "पैसे नको मले. कोनं कोनं वाचलं, थे सांगता येते का?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. पण त्या दिवसापासून फाटक्या पाकिटाकडे आम्ही फाटके पाकीट म्हणून पाहू शकत नाही.

आपल्या समाजात फौजीची घरे पुष्कळ. खुद्द बाबासाहेब सुभेदार रामजींचे पुत्र, महूच्या छावणीत जन्मलेले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून तर विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांतून पोरे सागरच्या सेंटरवर गेली. एखाद्या घरात भिंतीवर बाबासाहेब, त्याखाली वर्दीतला आजोबा, आणि पत्र्याच्या पेटीत त्याचे कागद. ही पेटी बाया-माणसे घरातल्या दागिन्यासारखी जपतात, ते उगाच नाही.

त्या कागदांत असते काय? तुमच्या-आमच्या रेशनकार्डावर नाव आणि वय असते. फौजीच्या कागदांवर अख्खा माणूस असतो. डिस्चार्ज बुकात त्याचा नंबर, हुद्दा, जन्मतारीख, अंगावरच्या ओळखीच्या खुणा, नोकरी का सुटली त्याचे कारण, वर्तणुकीचा शेरा, घरचा पत्ता. पेन्शनच्या आदेशात, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, पेन्शनचा क्रमांक, रक्कम, कुटुंब पेन्शनसाठी बायकोचे नाव. मेडिकल बोर्डात आजार, तो कधी जडला, नोकरीमुळे जडला की नाही, टक्के किती. जुन्या कागदांवर जातीची नोंद. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या नातवाच्या दाखल्यावर बौद्ध आणि आजोबाच्या कागदावर अजून ते जुने नाव, असेही आम्ही पाहिले आहे. मुलगा ते पान पटकन उलटतो.

आणि गंमत पाहा. हाच शिपाई नोकरीत असतो तेव्हा सरकार त्याचा पत्ता किती जपते! ज्यांच्या घरी कोणी फौजेत होते त्यांना आठवत असेल. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि पुढे द्वारा ५६ ए.पी.ओ. किंवा ९९ ए.पी.ओ. मुलगा लडाखला आहे की राजस्थानात, आईलाही पाकिटावरून कळत नसे. ती पत्रे फौजेचे स्वतंत्र टपाल खाते पोचवते. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून एवढी व्यवस्था. त्याच शिपायाचे अंगावरचे, मनातले, घरातले सगळे कागद मात्र, तो म्हातारा झाल्यावर, एका पिनेच्या भरवशावर खाकी पाकिटात निघतात. शिपायाने देशाचे गुपित सांभाळावे, शिपायाचे गुपित कोणी सांभाळायचे हा प्रश्न कोणाच्या मनात आलेलाच दिसत नाही.

तसे शिपायाचे टपाल दुसऱ्याने वाचणे नवीन नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरचे अधिकारी उघडून वाचत. त्यांचे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत आणि विद्वान त्यांवर पुस्तके लिहितात. पण तेथे निदान एक कारण होते, युद्धाचे. चौकातल्या गोणपाटावर कोणते युद्ध चालू होते?

कोणी म्हणेल, एका पाकिटाचे काय एवढे. त्यांना आम्ही आपल्याच यवतमाळची आठवण देतो. मार्च २०१८. शहरात पाण्याची एवढी टंचाई की लोक जुन्या विहिरी उपसायला लागले होते. अशीच एक विहीर साफ करताना पोरांच्या हाती प्लॅस्टिकची पिशवी लागली. आत आधार कार्डांचा गठ्ठा! जी कार्डे टपालाने घरोघर यायची, ती गाळात. सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर यवतमाळचे नाव झळकले. प्रशासनाने चौकशी सुरू केली. आम्हाला तेव्हा सर्वांत जास्त बोचले ते हे, की ज्यांची कार्डे होती ती माणसे घरी बसून वाट पाहत होती. कार्ड अजून आले नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. आपले नाव, जन्मतारीख, फोटो विहिरीत पडून आहे हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

बाहेरच्या देशांतही हे होते, नाही असे नाही. ब्रिटनच्या कर खात्याने ऑक्टोबर २००७ मध्ये दोन तबकड्या टपालाने लंडनला पाठवल्या, त्याही नोंदणी न करता. त्यांत मुलांचा सरकारी भत्ता घेणाऱ्या कुटुंबांची माहिती होती, सुमारे अडीच कोटी माणसांची नावे, पत्ते, बँकेची खाती. तबकड्या पोचल्याच नाहीत. अर्थमंत्र्यांना संसदेत उभे राहून सांगावे लागले आणि खात्याच्या प्रमुखाने राजीनामा दिला. अमेरिकेत मे २००६ मध्ये माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका नोकराने माहिती घरी नेली आणि त्याच्या घरातून लॅपटॉप चोरीला गेला. सुमारे २ कोटी ६५ लाख माजी सैनिक आणि इतरांची माहिती त्यात. लॅपटॉप पुढे सापडला. तरीही खात्याने लोकांना पत्रे पाठवून कळवले, की तुमची माहिती बाहेर गेली होती, सावध राहा. पुढे २००९ साली २ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले.

आम्ही त्या देशांची आरती ओवाळत नाही. चूक त्यांचीही तेवढीच मोठी. पण चूक झाल्यावर माणसाला सांगितले, हा फरक लहान नाही. आमच्या नाईकबाबांना कोणी काही सांगितले नाही. ४६ पैकी ४३ पाने त्यांच्या हाती आली. तीन पाने वाटेत पडली, दुकानापुढून उडाली की कोणी उचलली, हे त्यांना कोण सांगणार?

आता कायद्याचे पाहू. आम्ही वकील नाही, बी.कॉम. झालेले कारकून आहोत, पण वाचून समजते तेवढे सांगतो.

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीच्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे आपला मसुदा ठेवला. तोच पुढे स्टेट्स अँड मायनॉरिटीज या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात एक कलम असे होते, की माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे. कागदपत्रे हा शब्द लक्षात घ्या. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या घरात कधीही कोणीही शिरत असे, त्या माणसाच्या कागदांनाही दार असावे असे बाबासाहेबांना वाटले. त्याच उपसमितीत पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्कही चर्चेला आला होता. पुढे तो गळला. ३० एप्रिल १९४७ रोजी बंगालचे सोमनाथ लाहिरी यांनी घटना समितीत तो पुन्हा मांडला, मंजूर झाला नाही. सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्कच आहे. पुट्टस्वामी खटला म्हणतात तो हाच. त्या निकालपत्रात बाबासाहेबांच्या मसुद्याचीही दखल आहे.

आणखी एक निकाल आपल्या शेजारच्या अकोल्याशी संबंधित. तेथे नोकरी केलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याला मिळालेले मेमो, शिक्षा, मालमत्तेचा तपशील असे सगळे एका गृहस्थांनी माहिती अधिकारात मागितले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ही त्या अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती, मोठे सार्वजनिक हित असल्याशिवाय देता येणार नाही. म्हणजे रीतसर अर्ज करून, फी भरूनही जे परक्याला मिळत नाही, ते पावसाने पाकीट भिजवले की चौकात फुकट मिळते!

मग नवे कायदे काय म्हणतात? २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमे दीड वर्षाच्या मुदतीने लागू व्हायची आहेत. माहिती फुटली तर ज्याची त्याला कळवावे, असे बंधन त्यात आहे. मात्र हा कायदा संगणकात असलेल्या माहितीला लागू. कागदावरची माहिती संगणकात चढवली तरच ती या कायद्यात येते. नुसता कागद त्याच्या बाहेर. बरे, कागद नेणारे टपाल? त्याचा १८९८ चा जुना कायदा जाऊन नवा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४ पासून आला. टपालाच्या नोकराने दुसऱ्याचे टपाल बेकायदा उघडले तर जुन्या कायद्यात तुरुंगवासाची शिक्षा लिहिलेली होती. नव्यात ते कलम नाही. नुकसानीची जबाबदारी नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच, आणि नोकराने मुद्दाम किंवा कपटाने केले असेल तरच तो जबाबदार, ही सवलत मात्र जुन्यातून नव्यात आली. स्पीड पोस्टातली वस्तू हरवली किंवा खराब झाली तर शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांत जे कमी असेल ते, असा नियम वर्षानुवर्षे राहिला. बाबांच्या नातीच्या मोडत आलेल्या सोयरिकीचा हिशेब त्यात कोठे बसवणार?

आमचे मत स्पष्ट आहे. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांच्यासाठी कायदा वाढला. पत्र्याची पेटी असलेल्यांचा कागद दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडला.

पोस्टमनला शिव्या देऊन मोकळे होणारे लोक आम्हाला भेटले. आम्हाला ते पटत नाही. ग्रामीण डाकसेवक हा आपल्यातलाच माणूस, सायकलवर नाहीतर स्वतःच्या पेट्रोलने चार गावे फिरतो, तुटपुंज्या भत्त्यावर. त्याने पाकीट दुकानात ठेवायला नको होते, हे खरे. पण मूळ दोष पाठवणाऱ्याचा. ४६ पाने ज्या पाकिटात घातली ते दहा पानांच्या लायकीचे. भर पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा नाही. आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात विषय टाईप केलेला, मेडिकल बोर्डाची कागदपत्रे! आम्ही आवक-जावकच्या टेबलावर वीस वर्षे काढली आहेत. पाकिटावर विषय लिहायचा नसतो, जावक क्रमांक लिहायचा असतो, हे आम्हाला आमच्या पहिल्या मोठ्या बाबूंनी पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

म्हणून ज्यांना असे कागद मागवायचे आहेत त्यांनी अर्जातच खाली एक ओळ लिहावी, की कागद जलरोधक किंवा कापडी पाकिटात पाठवावे, पानांची संख्या पत्रात नमूद करावी, पाकिटावर विषय लिहू नये. २०२५ सालापासून रजिस्टर पोस्ट वेगळे राहिले नाही, ते स्पीड पोस्टात मिळवले आहे. ज्याचे नाव त्याच्याच हाती द्यायचे तर स्पीड पोस्टावर नोंदणीचे पाच रुपये वेगळे द्यावे लागतात, वर कर. अर्जात तेही मागावे. आणि मूळ डिस्चार्ज बुक कोणी कितीही मागितले तरी टपालात टाकू नका. साक्षांकित प्रत द्या, किंवा मूळ पुस्तक हाताने घेऊन जा, दाखवा, परत आणा.

पाकीट फाटके आलेच तर निमूटपणे सही करू नये. ओपन डिलिव्हरी मागावी. म्हणजे पोस्टात, पोस्टमास्तरांसमोर पाकीट उघडायचे, आत काय निघाले त्याची यादी करायची, दोघांनी सही करायची. काही ठिकाणी कर्मचारी कुरकुर करतात, मुख्य कार्यालयात जा म्हणतात. जावे. तेवढी सवड नसेल तर सही करताना शेजारीच लिहावे, फाटलेल्या व भिजलेल्या अवस्थेत मिळाले, आणि तारीख-वेळ टाकावी. पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. आतल्या कागदांचा नाही! आमचे एक तरुण कार्यकर्ते मदतीच्या उत्साहात बाबांच्या एका पानाचा फोटो काढून गटावर टाकायला निघाले होते, न्याय मिळावा म्हणून. आम्ही मोबाईल हातातून घेतला.

ओले कागद घरातच, सावलीत, पंख्याखाली, जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वाळवावे. उन्हात नको, इस्त्री तर नकोच. चिकटलेली पाने ओली असताना ओढून काढू नयेत, शाई दुसऱ्या पानावर जाते. मग पाने मोजावी आणि कमी भरली तर दोन अर्ज त्याच दिवशी टाकावे, एक यवतमाळच्या डाक अधीक्षकांना, एक पाठवणाऱ्या कार्यालयाला. मजकूर साधा ठेवावा. आम्ही बाबांसाठी केला तो असा होता:

"महोदय, आपले जावक क्रमांक अमुक, दिनांक अमुकचे टपाल मला दिनांक अमुक रोजी फाटलेल्या व भिजलेल्या अवस्थेत मिळाले. पत्रात ४६ पाने नमूद असून प्रत्यक्षात ४३ मिळाली. पृष्ठ क्रमांक अमुक, अमुक व अमुक मिळाले नाहीत. या पानांत माझी वैद्यकीय व पेन्शनविषयक खासगी माहिती आहे. ती पाने कोणत्या टप्प्यावर गहाळ झाली याची चौकशी करून मला लेखी कळवावे व सदर पाने पुन्हा विनामूल्य, सुरक्षित पाकिटात पाठवावी."

लेखी कळवावे, हे दोन शब्द विसरू नका. चौकशी करतो असे तोंडी सगळेच सांगतात.

हरवलेल्या पानांत पीपीओ किंवा बँकेचा खाते क्रमांक असेल तर बँकेत लगेच अर्ज द्यावा. मूळ कागदच गेला असेल तर पोलिसांत नोंद करून, प्रतिज्ञापत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, तेथून रेकॉर्ड ऑफिसकडे लिहिता येते. बाबांच्या बाबतीत झाले असे, की पंधरा दिवसांनी एक फोन आला. समोरचा हिंदीत बोलत होता. त्याने बाबांचे पूर्ण नाव आणि पेन्शनचा क्रमांक बरोबर सांगितला. स्पर्शमध्ये तुमचा हयातीचा दाखला अडला आहे, मोबाईलवर आलेला नंबर सांगा, म्हणाला. नातू जवळ होता, त्याने फोन बंद केला. तो क्रमांक याच तीन पानांतून गेला की आणखी कोठून, हे सांगता येत नाही. पण त्या रात्री बाबा पुन्हा झोपले नाहीत.

येथपर्यंत दुसऱ्यांना सांगितले. आता आमचे.

काही वर्षांपूर्वी आम्ही विहारात पेन्शनचे आणि निराधार योजनेचे अर्ज भरायचे शिबिर घेतले. चांगले झाले, पेपरात फोटो आला. प्रत्येकाकडून आधार, पासबुक, दाखले यांच्या दोन-दोन झेरॉक्स घेतल्या. एक अर्जाला जोडली, जास्तीची कपाटावर ठेवली, लागली तर असावी म्हणून. पुढच्या चौदा एप्रिलला चिवडा वाटायचा होता. पुड्या बांधायला कागद कमी पडला. कोणीतरी कपाटावरचा गठ्ठा काढला. एका आजीला मिळालेल्या पुडीवर तिचाच फोटो! तिने सगळ्यांना फिरवून दाखवला, आम्ही पोट धरून हसलो. तिच्या पासबुकाची झेरॉक्स कोणाच्या पुडीला गेली हे तेव्हा आम्ही विचारले नाही. तिनेही नाही.

आता ते कपाट रिकामे केले आहे. शिबिरात ज्याची झेरॉक्स त्याला त्याच दिवशी परत देतो, आणि झेरॉक्सच्या दुकानात काळी-तिरपी आलेली प्रत टोपलीत न टाकता सोबत आणून फाडतो. दुकानदार आम्हाला चिक्कू म्हणतो. विहारात सभेत कोणाला किती मदत मंजूर झाली ते नावानिशी वाचून दाखवायची पद्धत होती, तीही बंद करावी असे आम्ही सुचवले. त्यावर मतभेद झाले. काही ज्येष्ठ म्हणाले, लपवायचे काय त्यात, हिशेब उघडा पाहिजे. हिशेब उघडा असावाच, पण विधवा बाईचे नाव आणि रक्कम भोंग्यावरून सांगितल्याशिवाय हिशेब उघडा होत नाही असे आम्हाला वाटत नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

गावातही आम्ही जाऊन आलो. चौकात भाषण करावे असे मनात होते, बाबांनीच अडवले. म्हणाले, जे विसरत आले त्यांना कशाला आठवण. मग दुकानदाराला भेटलो. त्याला फार वाईट वाटले होते. आता तो कोणाचे टपाल ठेवून घेतलेच तर गल्ल्यात ठेवतो. इंग्रजी वाचणारा पोरगाही भेटला, दहावीतला. त्याला आम्ही काही बोललो नाही, फक्त बाबा रात्री का दचकत असत ते विचारायला सांगितले, कधी त्यांना सांगावेसे वाटले तर.

दुसरी प्रत दिवाळीच्या आधी आली. कापडी पाकीट, आत प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर फक्त जावक क्रमांक. बाबांनी पोस्टात बसून, चष्मा पुसून, पाने मोजली. ४६. पोस्टमास्तरांनी सही केली, बाबांनी केली. आम्ही साक्षीला म्हणून सोबत गेलो होतो. पेन्शनच्या अर्जाला कोणती पाने लागतील ते पाहून देतो, असे म्हणून आम्ही हात पुढे केला.

"राहू द्या भाऊ," बाबा म्हणाले, "कोनती पानं लागतात थे नंबर लेहून द्या. मी घरी काढतो."

आणि पाकीट सदऱ्याच्या आत घालून त्यांनी वरची दोन्ही बटणे लावली.